खीरदान : पहिला डबा रांगेबाहेरच्या घरी

बुद्धपौर्णिमा जवळ आली की आपल्या वस्त्यांमध्ये वर्गणीची वही फिरू लागते. कुणी 50 रुपये लिहितो, कुणी 5 किलो साखर, कुणी दुधाचा कॅन. ज्याच्याकडे द्यायला काही नसते तो म्हणतो, "पातेली घासायला मी येतो." पौर्णिमेच्या सकाळी विहारात त्रिसरण-पंचशील होते, वंदना होते आणि मग विहारासमोर खिरीची रांग लागते. पाचोडला आमच्या वस्तीतही असेच होते. बाया तांदूळ निवडतात, पोरे चुलवण खणतात, कुणीतरी स्पीकर लावतो. कामाला माणूस कमी पडत नाही.

गेल्या बुद्धपौर्णिमेलाही रांग मोठी लागली होती. शाळेतली पोरे दोन-दोनदा येऊन गेली. रस्त्याने जाणारे ट्रकवाले थांबले. मोसंबी मार्केटमधले हमाल आले. दुपारी डेग रिकामी झाली, फोटो काढून झाले, सगळे खूश होते. संध्याकाळी आम्ही मागच्या गल्लीतल्या एका आजींचे बीपी बघायला गेलो. आजींना दीड वर्षापूर्वी अर्धांगाचा झटका आला होता. उजवा हात-पाय चालत नव्हता. लेक आणि सून वीटभट्टीवर गेलेली. शेजारीण सकाळ-संध्याकाळ भाकरी देऊन जायची, पण त्या दिवशी तीही खीरदानाच्या कामात अडकली होती.

आजी म्हणाल्या, "सकाळपासनं वास येतोय बाई खिरीचा. म्हणलं, आणंल कुणीतरी."

कुणी आणली नव्हती. आजींनी सकाळची शिळी भाकरी पाण्यात भिजवून खाल्ली होती. विहारापासून त्यांचे घर दोनशे पावलांवर असेल. आम्ही दवाखान्यात इतकी वर्षे काम केलेल्या बाया, रोज आजींच्या दारावरून जाणाऱ्या. आम्हालाही दिवसभरात त्यांची आठवण झाली नाही. चूक दुसऱ्या कुणाची नव्हती, आमचीच होती.

त्या रात्री आम्ही बसून हिशोब केला. रांगेत कोण आले? ज्याचे पाय चालतात तो आला. ज्याला लाज वाटत नाही तो आला. ज्याच्या घरी खबर पोहोचली तो आला. आणि ज्याला खरी गरज होती त्यातले किती आले? अंथरुणाला खिळलेले आले नाहीत. नुकतीच बाळंत झालेली आली नाही. टीबीच्या गोळ्या चालू असलेला माणूस लोक काय म्हणतील म्हणून आला नाही. डोळ्याने न दिसणारे बाबा आले नाहीत. म्हणजे आमचे खीरदान झाले, पण ते बहुतेक करून धडधाकट माणसांचे झाले.

तथागतांनी कुणाची वाट पाहिली?

सुजाताच्या खिरीची गोष्ट आपल्या घरात लहान लेकरालाही ठाऊक असते. सिद्धार्थ गौतमांनी खडतर तप केले, शरीराची नुसती हाडे राहिली. शेवटी त्यांना कळले की शरीराला छळून ज्ञान मिळत नाही. त्यांनी सुजाताचे अन्न स्वीकारले आणि तप तिथेच संपवले. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात आणखी एक बारीकशी गोष्ट नोंदवली आहे. ध्यानाला बसण्यापूर्वी गौतमांनी चाळीस दिवस पुरेल एवढे अन्न गोळा करून ठेवले होते. आधी पोटाची सोय, मग चिंतन. खीरदानाचा अर्थ इथे आहे. खीर हा प्रसाद नाही. उपाशी शरीराची दखल घेणे म्हणजे खीर.

धम्मपदाच्या अट्ठकथेत आळवी नगरीची एक कथा येते. तथागत तिथे गेले, लोकांनी भोजनदान दिले, जेवणे झाली, आता उपदेश होणार म्हणून सगळे बसले. पण तथागत गप्प राहिले. ते एका गरीब शेतकऱ्याची वाट पाहत होते. त्याचा बैल हरवला होता, तो शोधण्यात त्याची अर्धी सकाळ गेली होती. तो धापा टाकत, उपाशीपोटी आला. तथागतांनी आधी त्याला जेवू घालायला सांगितले आणि त्याचे पोट भरल्यावरच उपदेश सुरू केला. पुढे काही भिक्खूंनी यावर कुरकुर केली, तेव्हा तथागतांनी समजावले की भुकेसारखा दुसरा आजार नाही. परिचारिका म्हणून आम्हाला ही कथा फार जवळची वाटते. रुग्णाच्या पोटात अन्न नसेल तर गोळीही नीट लागू पडत नाही, हे आम्ही वॉर्डात रोज पाहिले आहे.

दुसरी कथा विनयपिटकातली. एक भिक्खू अतिसाराने आजारी होता. तो आपल्याच मलमूत्रात पडून होता आणि त्याच्याकडे कुणी बघत नव्हते. का? तर तो इतरांच्या काही कामाला येत नव्हता म्हणून. तथागतांनी आनंदाला सोबत घेऊन स्वतःच्या हाताने त्याला धुतले, उचलून खाटेवर ठेवले. मग संघाला सांगितले की ज्याला माझी सेवा करावीशी वाटते त्याने आजाऱ्याची सेवा करावी. त्याच ठिकाणी चांगल्या शुश्रूषा करणाऱ्याचे पाच गुणही सांगितले आहेत. त्यातला एक असा की आजाऱ्याला काय मानवते आणि काय मानवत नाही हे त्याला कळले पाहिजे. आम्ही नर्सिंगच्या डिप्लोमाला जे शिकलो ते यापेक्षा फार वेगळे नव्हते.

उरलेले नको, आधी काढलेले हवे

"उरलं तर घरी नेऊन देऊ." आपल्या कार्यक्रमात हे वाक्य नेहमी ऐकू येते. आम्हीही ते म्हणत होतो. आता म्हणत नाही.

आपल्या आज्या-पणज्यांनी गावकीची कामे करून दारोदार शिळे-उष्टे गोळा केले. सण गावाचा, पंगत गावाची, आणि आपल्या वाट्याला पंगत उठल्यावरचे. 1927 साली महाडला बाबासाहेबांनी लोकांना निक्षून सांगितले की मेलेल्या जनावराचे मांस खाणे सोडा, शिळे-उष्टे तुकडे घेणे सोडा. पाण्याच्या हक्काची लढाई आणि पानातल्या अन्नाच्या मानाची लढाई एकाच वेळी सुरू झाली. मग आपणच आपल्या आजारी माणसाला डेगेच्या तळाशी उरलेले, थंड झालेले, चार तास उघडे राहिलेले का द्यायचे?

म्हणून आम्ही नियम केला. डेग उतरली की पहिली ओगराळी घरपोच डब्यात पडतील. डबे भरून पोरे निघाली की मगच रांग सुरू होईल. रांगेतल्या माणसाला अर्धा तास उशीर झाला तर त्याचे काही बिघडत नाही. अंथरुणावरच्या माणसाचा मात्र पूर्ण दिवस जातो.

यात मानाचा प्रश्न आहे तसा आरोग्याचाही आहे. वैशाखात आपल्याकडे पारा 40 च्या पुढे जातो. दुधाची खीर अशा उन्हात फार वेळ टिकत नाही. म्हणजे 'उरलेली' खीर ज्याच्या घरी जाते, त्याच्याच घरी विषबाधेचा धोका जास्त जातो. आणि तो माणूस आधीच अशक्त.

यादी कशी करायची?

पाचोडला घरोघर जाऊन आरोग्याचे काम करण्याची जुनी सवय आहे. इथल्या इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ मॅनेजमेंट या संस्थेने डॉ. अशोक दयालचंद यांच्या पुढाकाराने गावोगावच्या बायकांना आरोग्याच्या कामासाठी तयार केले. त्यातून आमच्या भागाने एक गोष्ट शिकली. दवाखान्यात बसून गरज कळत नाही, उंबरठ्यावर जाऊन विचारले की कळते. खीरदानालाही तेच लागू होते.

पौर्णिमेच्या आठ दिवस आधी आम्ही दोघी-दोघींच्या जोड्या करतो. आशाताई आणि अंगणवाडीताई सोबत असल्या तर काम निम्मे होते, कारण कोणत्या घरात कोण आजारी हे त्यांना पाठ असते. प्रत्येक घरी चार गोष्टी विचारतो :

1. घरात अंथरुणावर किंवा एकटे कोण आहे?
2. कुणाला साखर, बीपी, किडनी, टीबी किंवा दुसरे काही औषध चालू आहे?
3. गिळायला, चावायला त्रास होतो का?
4. डबा किती वाजता आणि कुणाच्या हातात द्यायचा?

"तुमच्याकडे जेवायला आहे का?" असे आम्ही कधीच विचारत नाही. दारात उभे राहून या प्रश्नाला "नाही" म्हणणे फार अवघड असते. माणूस उपाशी असला तरी "आहे की बाई" म्हणतो. त्याऐवजी चुलीकडे, पाण्याच्या हंड्याकडे, पिठाच्या डब्याकडे सहज नजर टाकावी. आणि डबा देताना फोटो काढू नये. कुणाच्या घरी डबा गेला हे स्पीकरवर सांगू नये. टीबी किंवा एचआयव्हीच्या रुग्णाचे नाव वहीत आजारासकट लिहू नये, नुसता 'डबा 1' एवढेच लिहावे.

यादी आपल्या वस्तीपुरती ठेवू नका. ईदला शेजारच्या मुस्लिम घरांतून आपल्याकडे शीरखुर्मा येतो, मग पौर्णिमेला आपली खीर तिकडे गेलीच पाहिजे. पालावर राहणारी कुटुंबे, ग्रामीण रुग्णालयात रुग्णाजवळ बसलेले नातेवाईक, बसस्टँडवर झोपणारा माणूस यांचीही नोंद घ्यावी. जात विचारून खीर वाढायची असेल तर विहारासमोर डेग कशाला चढवायची?

डेगेजवळची शिस्त

दसऱ्याला नागपूरच्या दीक्षाभूमीकडे जाणाऱ्या रस्त्यांवर भोजनदानाचे मंडप लागतात. 6 डिसेंबरला चैत्यभूमीला आलेल्या लोकांसाठी शिवाजी पार्कवर अन्नाची सोय होते. 14 जानेवारीला, नामविस्तारदिनी, आपल्या विद्यापीठाच्या गेटवर गर्दी होते तेव्हाही कार्यकर्ते अन्न-पाणी घेऊन उभे असतात. लाखोंच्या गर्दीत आपली माणसे उपाशी राहत नाहीत, हा आपल्या चळवळीचा मोठेपणा आहे. पण एका डेगेत चूक झाली तर एकाच वेळी शेकडो माणसे आजारी पडू शकतात.

श्रीलंकेत वेसाक पौर्णिमेला अशाच अन्नछत्रांची पद्धत आहे. तिकडे त्याला 'दानसल' म्हणतात. दानसल लावणाऱ्यांना स्थानिक आरोग्य कार्यालयात नोंदणी करावी लागते आणि आरोग्य निरीक्षक येऊन पाणी, भांडी, स्वयंपाक बघतात. आपल्याकडे कुणी तपासायला येईल याची वाट पाहू नये. आपली तपासणी आपणच करावी.

वेळ : खीर वाढायच्या वेळेच्या हिशोबाने शिजवावी. रात्री करून ठेवलेली खीर सकाळी वाढू नये. साध्या हवेत शिजलेले अन्न दोन तासांच्या आत संपले पाहिजे, आणि आपल्या मे महिन्यातल्या उन्हात तर तासाभरात. त्याहून जास्त वेळ ठेवायची असेल तर मंद आचेवर वाफाळती ठेवा. 5 ते 60 अंश या तापमानात जंतू झपाट्याने वाढतात. कोमट खीर सगळ्यात धोक्याची. म्हणून एकच मोठी डेग करण्यापेक्षा दोन-तीन लहान पातेली पाठोपाठ शिजवावीत.

हात : ज्याच्या हाताला जखम, गळू किंवा नखुरडे आहे, ज्याला जुलाब-उलटी किंवा सर्दी-खोकला आहे, त्याला स्वयंपाकाला आणि वाढायला बसवू नका. जखमेतल्या जंतूंचे विष अन्नात उतरते आणि ते पुन्हा उकळूनही जात नाही. अशा माणसाला रांग सांभाळायचे, चपला लावायचे काम द्या. त्याचा मान राहतो आणि खीरही सुरक्षित राहते. वाढणाऱ्यांची नखे कापलेली हवीत. साबण आणि पाण्याची बादली डेगेजवळच ठेवा. शंभर पावलांवर ठेवलेला साबण कुणी वापरत नाही.

पाणी : टँकरचे पाणी असेल तर पिण्यासाठी उकळून घ्या किंवा क्लोरीनचे थेंब बाटलीवर लिहिलेल्या मापाने टाकून अर्धा तास थांबा. तुरटीने गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत. पिंपात ग्लास बुडवू नका, तोटीचे पिंप घ्या.

भांडी : पितळेच्या पातेल्याला कल्हई नसेल तर ते वापरू नका. खिरीवर झाकण हवे. माशी आधी उकिरड्यावर बसते आणि मग खिरीवर.

काजू-बदाम : लहान पोरांच्या घशात अख्खा काजू किंवा शेंगदाणा अडकू शकतो. घालायचेच असतील तर बारीक कुटून घाला.

एका वाटीभर खिरीचा नमुना वेगळा, झाकून, थंड जागी दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवा. त्रास कुणाला झालाच तर तपासायला उपयोगी पडतो.

सगळ्यांना खीरच कशाला?

आमच्या वहीत पहिल्याच वर्षी एक गोष्ट लक्षात आली. डब्याची गरज असलेल्या घरांत साखरेचे रुग्ण बरेच होते. त्यांना गोड खीर देणे म्हणजे प्रेमाने आजार वाढवणे. म्हणून आता आम्ही दोन प्रकारचे डबे करतो. एकात खीर आणि सोबत वरण-भात-भाजी. दुसऱ्यात ज्वारीची भाकरी, घट्ट वरण, पालेभाजी, उकडलेले अंडे किंवा मटकीची उसळ, आणि चवीपुरती दोन चमचे कमी गोड खीर. सण आहे, चव तर लागलीच पाहिजे.

साखरेच्या रुग्णाला रांगेचाही धोका असतो. सकाळी गोळी किंवा इन्सुलिन घेतलेला माणूस दोन तास उन्हात उभा राहिला आणि जेवण लांबले तर रक्तातली साखर एकदम खाली येते. घाम सुटतो, हात थरथरतात, माणूस असंबद्ध बोलू लागतो. लोकांना वाटते पिऊन आला आहे. असा माणूस शुद्धीवर असेल तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून द्या, 15 मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा द्या आणि मग जेवायला द्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर वळवा आणि 108 ला फोन करा.

रांगेवर सावली हवीच. म्हातारी माणसे, गरोदर बाया आणि कडेवर लेकरू असलेल्या बाया यांना बसायला सतरंजी टाका आणि जागेवर नेऊन वाढा. उन्हात कुणाचे अंग तापले, बोलणे अडखळू लागले तर ऊन लागले समजा. सावलीत आणून अंगावर पाणी मारा, वारा घाला आणि उशीर न करता दवाखान्यात न्या.

आणखी काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला खीर चाटवू नये, त्याला आईचे दूधच. किडनीच्या रुग्णाला डॉक्टरांनी जे पथ्य सांगितले असेल तेच. आणि बरेच दिवस नीट न जेवलेल्या, अगदी खंगलेल्या माणसाला एकदम ताटभर गोडधोड देऊ नये. उपाशी शरीरावर अचानक भार पडला तर रक्तातल्या क्षारांचा तोल बिघडतो, जिवावरही बेतू शकते. त्याला थोडे थोडे, पातळ, दिवसातून पाच-सहा वेळा द्यावे आणि डॉक्टरांना दाखवावे. तपाने खंगलेल्या गौतमांची गोष्ट आपण सांगतो तेव्हा हेही सांगावे.

अंथरुणावरच्या माणसाला भरवताना

डबा दारात ठेवून परत फिरलो तर काम अर्धेच झाले. अर्धांगाच्या रुग्णाला स्वतःच्या हाताने खाता येत नाही. म्हणून डबा नेणाऱ्या जोडीत एक जण भरवू शकणारी असावी.

आधी माणसाला उशा लावून बसते करा. झोपलेल्या माणसाला कधीही भरवू नका, अन्न श्वासनलिकेत जाते आणि निमोनिया होतो. आधी चमचाभर पाणी द्या. ठसका लागला, आवाज घोगरा झाला तर थांबा आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुढे भरवू नका. खीर घट्टसर असावी, फार पातळ पदार्थाने ठसका लवकर लागतो. लहान चमचा घ्या. तोंडाची जी बाजू चांगली आहे त्या बाजूने घास द्या. एक घास गिळल्याशिवाय दुसरा देऊ नका. जेवताना त्यांना बोलायला लावू नका. शेवटी गालात अन्न अडकले आहे का बघा, चूळ भरू द्या आणि अर्धा तास तसेच बसते ठेवा.

हा अर्धा तास वाया जात नाही. तेवढ्यात पाठीला जखम आहे का बघता येते, गोळ्या संपल्या का विचारता येते. आणि मुख्य म्हणजे माणसाजवळ कुणीतरी बसते. एकट्या म्हाताऱ्या माणसाला अन्नाइतकीच त्याची भूक असते.

कुणाला त्रास झालाच तर

खाल्ल्यावर काही तासांत दोन-चार जणांना एकदम उलट्या-जुलाब सुरू झाले तर वाटप ताबडतोब थांबवा. बदनामी होईल म्हणून लपवू नका. आरोग्य केंद्राला कळवा. ओआरएसची पाकिटे आधीच आणून ठेवा. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चहाच्या चमच्याने मोजून. घोट घोट देत राहा. सहा महिन्यांवरच्या मुलांना जुलाबात ओआरएससोबत झिंकची गोळी 14 दिवस देतात, ती आशाताईंकडे मिळते. मूल सुस्त पडले, डोळे खोल गेले, लघवी बंद झाली किंवा शौचातून रक्त पडले तर घरी थांबू नका.

सणाची वही, वर्षभराचे काम

पौर्णिमा एक दिवसाची असते, भूक रोजची. म्हणून पौर्णिमा झाली की आम्ही वही मिटत नाही. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा त्याच घरी जातो आणि या वेळी कागद बघतो.

रेशनकार्ड आहे का? 2013 च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना 5 किलो आणि अंत्योदय कुटुंबाला महिना 35 किलो धान्य हा हक्क आहे. कुणी मेहेरबानी करत नाही. म्हाताऱ्या माणसाचा अंगठा मशीनवर उमटत नाही म्हणून धान्य थांबले असेल तर तहसील कार्यालयात पुरवठा विभागाकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. ऊसतोडीला किंवा भट्टीवर गेलेल्या कुटुंबाला तिथल्या रेशन दुकानातूनही आपल्या कार्डावर धान्य घेता येते, हे त्यांना जाण्यापूर्वी सांगा. निराधार, विधवा, दिव्यांग यांच्यासाठी संजय गांधी निराधार योजना आणि 65 वर्षांवरच्या गरीब वृद्धांसाठी श्रावणबाळ योजना आहे. टीबीच्या रुग्णाला उपचार चालू असेपर्यंत निक्षय पोषण योजनेतून पैसे मिळतात. नोव्हेंबर 2024 पासून ही रक्कम महिन्याला 500 वरून 1000 रुपये झाली आहे. बँक खाते जोडलेले नसेल तर ते पैसे अडकून राहतात, म्हणून खाते तपासा.

बाबासाहेबांनी आपल्याला दान मागायला शिकवले नाही, हक्क मागायला शिकवले. मग आपण खीरदान का करायचे? कारण अर्ज मंजूर होईपर्यंतही माणसाला जेवावे लागते. डबा हा त्या दिवसापुरता, अर्ज उद्यासाठी. दोन्ही हातांनी दोन्ही कामे करायची.

यंदा भीमजयंतीला भोजनदान होते. सकाळी नऊला पहिला डबा घेऊन आम्ही मागच्या गल्लीतल्या त्या आजींकडे गेलो. त्यांना बसते केले, तोंड पुसले. पहिला चमचा पुढे केला तेव्हा आजींनी डाव्या हाताने आमचा हात धरला.

"रांग झाली का गं संपून?"

"नाही आजी, अजून सुरूच नाही झाली."

आजींनी काही वेळ आमच्याकडे बघितले आणि मग तोंड उघडले. घास गिळून झाल्यावर म्हणाल्या, "मीठ कमी पडलंय वरणात." आम्ही हसलो. बीपीमुळे मीठ आम्हीच कमी घातले होते.

आता तुमच्या वस्तीची पाळी. वर्गणीची वही फिरायला लागली की तिच्या शेवटच्या पानावर आणखी एक यादी सुरू करा. एकच घर सापडले तरी चालेल. डेग उतरली की त्या घराचा डबा आधी भरा. गेल्या वर्षी आमच्या हातून राहिले ते यंदा तुमच्या वस्तीत राहू नये, एवढेच मागणे आहे.

जय भीम. नमो बुद्धाय.